इक्वाडोरचा चौकोनी साग: ४४०३ की ४४०७?

वखारवाला_सांगली
नमस्कार मंडळी. आमची लाकडाची वखार आहे. आजवर माल गांधीधामच्या व्यापाऱ्यांकडून घेत आलो. आता इक्वाडोरहून सागाचा एक कंटेनर थेट न्हावा शेवाला उतरवायचा विचार आहे. ओंडके गोल नाहीत, चारही बाजूंनी कापून चौकोनी केलेले आहेत. विकणारा म्हणतो, 'रफ स्क्वेअर लॉग' (ओबडधोबड चौकोनी ओंडका) लिहितो, सीमाशुल्काचा ओंडक्यांचा क्रमांक ४४०३ लावा. आमचे सीएचए, म्हणजे बंदरातून माल सोडवून देणारे कस्टम एजंट, म्हणतात, करवत लागली की ४४०७, म्हणजे कापीव लाकूड. यात ड्यूटी दुप्पट होते! हा माल कुणी आणला आहे का? कुणाचं ऐकावं?

रंधा_आणि_पटाशी
एवढी यातायात करण्यापेक्षा बर्मा साग का नाही बघत?

बंदरकर
रंधाभाऊ, म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तेव्हापासून बाजार इक्वाडोर, पनामा, घाना यांच्या लागवडीच्या सागाकडे जास्त वळला.

वखारवाले, दोघांचंही पूर्ण ऐकू नका. नुसती करवत लागली म्हणून ४४०७ होत नाही. शीर्षक ४४०३ मध्येच 'ओबडधोबड चौकोनी केलेलं' लाकूड धरलेलं आहे आणि एचएसएनच्या (मालाच्या या क्रमांकांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या) स्पष्टीकरणात कुऱ्हाड, वाकस याबरोबर जाडीभरडी करवतही आहे. खूण कोणती? पृष्ठभागावर खडबडीत जागा किंवा सालीचे अवशेष राहिलेले असतात. समोरासमोरच्या दोनच बाजू सपाट केलेला ओंडकाही तिथेच जातो. पण चारही बाजू स्वच्छ, कडा धारदार, माप नेमकं, साल कुठेच नाही, असा माल असेल तर तो कापीव लाकूड म्हणून ४४०७ मध्ये जाणार. मग इन्व्हॉइसवर काहीही लिहा, अधिकारी कागद नाही, लाकूड बघतो.

आता दुप्पटचं. मूळ सीमाशुल्क सध्या ४४०३ ला ५ टक्के, ४४०७ ला १० टक्के. त्यावर त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). म्हणजे १०० रुपयांच्या मालावर एकूण २४.४९ विरुद्ध ३०.९८. आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं (पुढच्या जीएसटीतून वजा होतो), म्हणून खिशातून जातात ते ५.५० किंवा ११. वीस लाखांच्या मालावर फरक १ लाख १० हजारांचा. लहान नाही, पण त्यासाठी खोटं वर्गीकरण करून घेऊ नका. माहिती दडवल्याचं ठरलं तर ५ वर्षं मागे जाऊन मागणी येते, वर १५ टक्के व्याज आणि जवळपास तेवढाच दंड.

वखारवाला_सांगली
बंदरकर साहेब, म्हणजे फोटो मागवायला हवेत. आणि तिकडेच फळ्या चिरून आणल्या तर?

बंदरकर
६ मिमीपेक्षा जाड फळी सरळ ४४०७. रंधा मारला तरी तिथेच. जीभ-खाच पाडली की ४४०९. ६ मिमी किंवा त्याहून पातळ असेल तर व्हिनिअर, ४४०८. दाराची चौकट तयार करून आणली की ४४१८. सागाचे सहा आकडी कोड ४४०३.४२ आणि ४४०७.२३ असे आहेत. जुन्या बिलांवरून कोड उचलू नका, १ जानेवारी २०२२ पासून सागाच्या फळ्यांचा क्रमांक बदललाय.

माहेर_उरण
आमच्याकडे हा माल नेहमी येतो. पहिल्या कंटेनरला 'फर्स्ट चेक' मागा, म्हणजे आधी तपासणी, मग आकारणी. वाद झालाच तर तात्पुरती आकारणी करून, बाँड देऊन माल सोडवता येतो. कंटेनर बंदरात अडकून डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं) भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. दर महिन्याला हाच माल आणणार असाल तर मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग अथॉरिटीकडे, म्हणजे माल आणण्याआधीच वर्गीकरणाचा निर्णय देणाऱ्या कस्टमच्या प्राधिकरणाकडे, अर्ज करा. फी १०,००० रुपये, उत्तर ३ महिन्यांत द्यायचं असतं, निर्णय ३ वर्षं चालतो, मध्येच कायदा बदलला नाही तर. एकाच कंटेनरसाठी तो खटाटोप नको.

गिरणीवाला
वर्गीकरणाइतकंच मापाकडे बघा. विकणारा हॉपस मापाने (ओंडके मोजायची जुनी इंग्रजी पद्धत) भाव सांगतोय की घनमीटरने? एका घनमीटरला खरे घनफूट ३५.३१, हॉपसचे मात्र २७.७४ च. भाव घासाघीस करून पाच टक्के कमी केलात आणि मापात वीस टक्के गेले तर काय उपयोग! आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (लाकडाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) मूळ देशाचंच हवं, कीड मारायच्या धुरीची नोंद त्यावर असू द्या. ते नसेल तर ४४०३ असो की ४४०७, माल हलत नाही.

वखारवाला_सांगली
भाव घनमीटरचा आहे, विचारून घेतला. फोटो आले. तीन बाजूंना करवतीच्या रेघा, चौथ्या बाजूला साल बऱ्यापैकी दिसते आहे, टोकांना तर बुंध्याचा गोलाईचा भागही राहिलाय.

बंदरकर
मग ४४०३ चा दावा मांडण्यासारखा आहे. प्रत्येक ओंडक्याचे नाही, पण कंटेनर भरतानाचे फोटो आणि पॅकिंग लिस्ट सीएचएला आधीच द्या. त्यांनी तरीही ४४०७ चाच आग्रह धरला तर कारण लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा सीएचए शोधा. नवा घेताना एकच विचारा, 'लाकडाचा माल सोडवलाय का?' मसाले आणि रसायनं सोडवणारा हुशार असेल, तरी या कामात नवखाच.