निवासी डॉक्टर म्हणून पहिल्या दिवशी सोबत काय न्यावे?

प्रश्न: येत्या सोमवारी मी एका शासकीय रुग्णालयात मेडिसिन विभागात प्रथम वर्ष निवासी म्हणून रुजू होत आहे. स्टेथोस्कोप, अॅप्रन आणि कागदपत्रांच्या छायाप्रती बांधून ठेवल्या आहेत. अनुभवी मंडळींनी आणखी काय ते सुचवावे.

उत्तर १: साधी बॉलपेन पाच-सहा घ्या, कारण राउंड संपेपर्यंत त्यांतली दोनच उरतात, आणि भेट मिळालेले भारी पेन तर हमखास जाते. स्टेथोस्कोपच्या नळीवर नावाची पट्टी चिकटवा. टॉर्च, नी हॅमर (गुडघ्यावर ठोकून प्रतिक्षिप्त क्रिया तपासायची छोटी हातोडी) आणि खिशात मावणारी वही हवीच. जाडजूड ग्रंथ मात्र खोलीवरच राहू द्यात.

उत्तर २: टूर्निकेट, म्हणजे रक्त काढताना दंडावर आवळायचा पट्टा, स्वतःचे ठेवा, अन्यथा हातमोजा बांधून रक्त काढावे लागते. रक्ताच्या नमुन्यांसाठीच्या नळ्यांत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते; त्यांतली निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या नळीआधी आणि खुणेपर्यंत भरावी. मी पहिल्याच रात्री ती अर्धवट भरून पाठवली, प्रयोगशाळेने नमुना परत केला, आणि पहाटे तीन वाजता त्याच आजोबांना पुन्हा सुई टोचताना त्यांनी काही न बोलता दुसरा हात पुढे केला.

उत्तर ३: चार्जर, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की. कॅन्टीन उघडे असते तेव्हा तुम्हाला सवड नसते. बूट नवे कोरे नकोत, पायांत रुळलेले घाला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टूर्निकेट आणि चिक्की आजच आणतो. बूट मात्र नवेच घेऊन बसलो आहे, ते सोमवारपर्यंत घरात घालून फिरतो.