धोंड्याच्या महिन्याचं दान पोरांच्या शिबिराला दिलं तर?

कृष्णाकाठची (सांगली)
विश्रामबागेत आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. यंदा धोंड्याचा महिना १७ मे ते १५ जून २०२६, म्हणजे ऐन सुट्टीत. दर अधिकात आम्ही वर्गणी काढून अन्नदान करतो. जावयाला ३३ अनारशांचं वाण असतं ते ज्याचं त्याच्या घरी. यावेळी माझ्या मनात वेगळं आहे. मार्केट यार्डाकडं हळदीच्या गोदामात कामाला जाणाऱ्या बायका सकाळीच घर सोडतात, संध्याकाळी पिवळ्याधमक होऊन येतात. मे महिन्यात त्यांची पोरं दिवसभर मोकाट, बरीचशी नदीवर. त्यांच्यासाठी आठवडाभर शिबिर घ्यावं म्हणते. सकाळी भडंग-केळं, मग खेळ, गाणी, चित्रं, दुपारी पोटभर जेवण आणि एक दिवस सागरेश्वरच्या जंगलात सहल. पुजारीकाका देवळाचा मंडप द्यायला तयार आहेत. अडलंय आमच्यातच. खजिनदार मावशी म्हणतात, "देवाच्या नावानं काढलेला पैसा रंगपेट्यांवर घालायचा?" मी म्हणते, अन्नदान तेच, पंगत लहानांची. शिवाय मंडळाची नोंदणी नाही. बाहेर वर्गणी मागता येईल का?

हिशोबनीस
ताई, आपापसातल्या पैशाचं काय करायचं ते बसून ठरवा. पण पावतीपुस्तक घेऊन बाहेर फिरणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा. गणपती मंडळं काढतात तीच. अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणी नाही म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगून टाका. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तिचा तसाही उपयोग नाही. देवळाच्या ट्रस्टकडं रोख मागू नका. त्यांच्या घटनेत नुसती पूजाअर्चा लिहिलेली असली तर विश्वस्त अडणार, आणि त्यांचं बरोबरच असणार. भांडी मागा, सतरंज्या मागा.

मिरजकर
हा वाद आमच्याकडंही आहे. जकात अडीच टक्के, ती कुणाला द्यायची ते ठरलेलं. सहलीची बस तिच्यातून केलेली बऱ्याच मौलानांना पटत नाही. सदक्याला, म्हणजे आपखुशीच्या दानाला, तेवढं बंधन नाही, कुठल्याही नेक कामाला चालतो. आता एक स्पष्ट बोलतो, रागावू नका. गोदामातल्या त्या बायकांत आमच्याही आहेत. देवळाच्या मंडपात पोरं पाठवायची म्हटल्यावर काहीजणी बिचकतील, आणि तोंडावर सांगणार नाहीत. शाळेचं पटांगण मिळतंय का बघा. हरिपाठ सक्तीचा नको. खिचडीचे तांदूळ माझ्याकडून.

पलूसचा पाटील
सागरेश्वर झकास. माणसानं झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे, १९८५ साली अभयारण्य झालं. चितळ, सांबर दिसतात, पण उजाडताच पोचा. ऊन चढलं की जनावर सावलीला गप्प बसतं. पायथ्याच्या देवराष्ट्रेत यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर आहे, तेही दाखवा. येताना औदुंबरला दर्शनाचा मोह होईल. जा, पण घाटावर एकही पोर पाण्यात उतरता कामा नये. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. मे-जूनला अंडी फुटतात आणि मादी पिलांसाठी अंगावर येते. आणि रंगपेट्यांआधी चपला बघा हो. तापलेल्या दगडांवर अनवाणी पोरं काय डोंगर चढणार?

कृष्णाकाठची (सांगली)
मिरजकरभाऊ, राग कसला! महापालिकेच्या शाळेच्या हेडसरांना सोमवारी भेटतेय. हरिपाठ आम्ही बायका संध्याकाळी आमचा आमचा म्हणू. तांदूळ घेतले, फक्त बासमती नको. पोरांना आसट खिचडी लागते, इंद्रायणी द्या. बाहेर वर्गणी काढत नाही, कागदपत्रांच्या मागं पळायला आमच्यात कुणी नाही. मावशी निम्म्या राजी झाल्यात. जेवण त्या स्वतः वाढणार आणि जेवणाचा खर्च वेगळ्या पानावर लिहायचा, ही अट. लिहू की. पाटील, औदुंबर रद्द. चपलांची मापं घ्यायला रविवारी वस्तीत जायचंय, सांगलीतलं कुणी येतंय का सोबत?