१२ मजली बाहेरचं रंगकाम: सोसायटीला ‘डब्ल्यूसी आणि थर्ड पार्टी’ हवंय, नेमकं काय घ्यायचं?

रंगकाम_ठाणे
बाहेरून क्रॅक भरून रंग द्यायचं काम आहे. सोसायटी डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगारांच्या भरपाईचा विमा) आणि थर्ड पार्टी (बाहेरच्यांच्या नुकसानीचा विमा) मागतेय. माझी माणसं ५, झुल्यावरचे (गच्चीवरून दोरांनी टांगलेल्या पाळण्यावरचे) ४ दुसऱ्या ठेकेदाराचे. ईएसआय (सरकारी कामगार विमा योजना) लागू नाही. एजंट म्हणतो, डब्ल्यूसीऐवजी ग्रुप अ‍ॅक्सिडेंट घ्या, स्वस्तात पडेल. चालेल का? झुलेवाला म्हणतो, त्याच्या माणसांची पॉलिसी त्याच्याकडे आहे.

क्लेम_डेस्क
नाही चालणार. ग्रुप अ‍ॅक्सिडेंट ठरलेली रक्कम देते, मालक म्हणून तुमच्यावर येणारी कायदेशीर भरपाई त्यात फिटत नाही. हिशेब करून बघा. ३० वर्षांचा कामगार दगावला, तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले २०७.९८ (त्या वयासाठी कायद्यातला गुणक). पगाराची मर्यादा २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० धरली, तर १५,५९,८५० रुपये. पाच लाखांची अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी इथे कुठे पुरणार?

हवी ती एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी. सोसायट्या अजून तिला डब्ल्यूसीच म्हणतात. प्रपोजलमध्ये नुसतं ‘पेंटर’ लिहू नका. ‘१२ मजली इमारतीवर झुला व परांचीवरून बाहेरचं रंगकाम’ असं लिहा आणि पॉलिसीत उंचीची अट आहे का ते बघा. प्रीमियम वाचवायला पगार ९,००० दाखवला आणि हजेरीपटावर १८,००० निघाले, की क्लेम त्या प्रमाणात कापला जाण्याची पाळी येते. मेडिकल खर्चाची जोड वेगळी घ्यावी लागते. झुल्यावरून पडलेला माणूस वाचला, तर आधी दवाखान्याचंच बिल समोर येतं, म्हणून ती टाळू नका.

लेबर_वकील
झुलेवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, स्वतःच्या धंद्याचंच काम दुसऱ्या ठेकेदाराकडून करून घेतलं, तर त्याचा कामगार थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. रंगकाम हा सोसायटीचा धंदा नाही, तुमचा आहे, त्यामुळे हे कलम आधी तुम्हालाच लागतं. (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, भरपाईचं सूत्र तेच आहे.) त्याच्या पॉलिसीची प्रत घ्या. मुदत, माणसांची संख्या, कामाचं वर्णन तपासा. त्यात खोट दिसली तर ते ४ जण एंडोर्समेंटने (पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीने) तुमच्या पॉलिसीत घ्या, त्यांची मजुरी वेगळी दाखवून.

आणि मृत्यू झाला तर घरच्यांना परस्पर रोख देऊन कागदावर सही घेण्याचा प्रकार करू नका. मृत्यूची भरपाई कामगार भरपाईच्या आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर हातात दिलेली रक्कम भरपाईत धरली जात नाही. तीच पुन्हा भरावी लागते. भरपाई महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी देत नाही.

क्लेम_डेस्क
थर्ड पार्टीबद्दल: खाली उभ्या माणसावर बादली पडली, कुणाच्या गाडीवर पुट्टीचा डबा आपटला, तर पब्लिक लायबिलिटी. ज्या भिंतीवर काम चालू आहे तिचं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं, आणि सहा महिन्यांत रंगाचे पोपडे निघाले तर तो विम्याचा विषयच नाही. एका अपघाताची आणि पूर्ण वर्षाची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, कमिटीला दोन्ही आकडे दाखवा. गाड्यांवरचे रंगाचे शिंतोडे बहुधा डिडक्टिबलच्या (प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायच्या रकमेच्या) खालीच जातात, म्हणून ताडपत्रीला पर्याय नाही.

रंगकाम_ठाणे
वर्क ऑर्डर १ तारखेची आहे. पॉलिसी त्याच तारखेपासून घेऊ?

लेबर_वकील
झुला कधी बांधणार त्यावर ठरवा. गच्चीवर दोर आणि वजनं चढवायचं काम आदल्या दोन दिवसांत होणार असेल, तर पॉलिसी तेव्हापासूनची हवी. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही (विमा कायदा, कलम ६४ व्हीबी). चेक वटला नाही तर पॉलिसीचा कागद हातात असूनही उपयोग नाही. ऑनलाइन भरा.