उत्तर: बोटीवरचं मेक्सिको

वर कुणीतरी लिहिलंय की मेक्सिकोत बोटीवर राहायचं म्हणजे रोज सूर्यास्त नि मार्गारिटा, त्यात थोडी भर. ला पाझला (बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरचं बंदर) उन्हाळ्याच्या सुमारास संध्याकाळनंतर कोरोमुएल नावाचा नैऋत्येचा वारा सुटतो तो रात्रभर चालतो, आणि समोरच्या एस्पिरितू सांतो बेटाच्या पश्चिमेकडच्या सुंदर खाड्या नेमक्या त्याच बाजूला उघड्या, मग रात्रभर बोट डुलते आणि झोपेचं खोबरं. ला पाझच्या चॅनेलमध्ये (बंदरासमोरचा अरुंद जलमार्ग) भरतीओहोटीचा प्रवाह एकीकडे नि वारा दुसरीकडे, त्यामुळे नांगरलेल्या बोटी वाट्टेल तशा फिरतात, शेजारच्यापासून अंतर ठेवूनच नांगर टाका! १५ मे ते ३० नोव्हेंबर हरिकेन सीझन (चक्रीवादळांचा हंगाम), त्यात बरेच जण वर उत्तरेकडे सरकतात नाहीतर आखातापलीकडच्या ग्वायमास बंदरात बोट पाण्याबाहेर काढून घरी जातात (शहाणे लोक).

पण गावं मात्र खरंच भारी. सांता रोसालियाला जाच, फ्रेंच तांब्याच्या कंपनीने १८८५ साली वसवलेलं गाव, लाकडी घरं, आख्खं लोखंडी चर्च जे आयफेल टॉवरवाल्या आयफेलचं म्हणून सांगतात, आणि जुनी बेकरी. त्याच किनाऱ्यावरच्या लोरेतो गावचं मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं) १६९७ चं, तेही बघा, पण तिथे नांगरायची जागा अगदीच उघडी, वारा शांत असेल तरच किनाऱ्यावर जायला डिंगी (छोटी होडी) काढा.