कॉफीइतकंच कॅफीन, मग धोका कसला?
काहीजण विचारतात की एनर्जी ड्रिंकमध्ये कॉफीच्या कपाइतकंच कॅफीन असतं, मग एवढी काळजी कशाला? आकडा खरा आहे. भारतात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीत जास्तीत जास्त ७५. पण गरम कॉफी घोटघोट पितात. गारेगार बाटली नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लास सुटला की दोन मिनिटांत रिकामी होते. शिवाय ४० किलोच्या मुलाने दिवसाला १२० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, दोन बाटल्यांत ते ओलांडतं. मागची बारीक अक्षरं वाचा: मुलांसाठी, गरोदर बायकांसाठी नाही, असं तिथेच छापलेलं असतं.

संध्याकाळी सहाला प्यायलात तर निम्मं कॅफीन रात्री अकराच्या सुमारासही अंगात असतं. झोप मोडते, म्हणून सकाळी परत बाटली!

नाशिकच्याच अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीत घाम गाळणाऱ्यांनी तर एनर्जी ड्रिंक तहानेसाठी पिऊच नये. त्याऐवजी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, बस.

दारूत मिसळणं सगळ्यात वाईट, किती चढलीय तेच कळत नाही. छातीत दुखलं, धडधड थांबेना, तर थेट दवाखाना गाठा आणि किती प्यायलात ते डॉक्टरांना सांगा.