शब्दचर्चा : टॅलेंट, कॉन्ट्रॅक्टर, रेटिंग

प्रश्न : अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीवरचा एक लेख मराठीत आणतेय. टॅलेंट, इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर आणि रेटिंग या तीन शब्दांपाशी गाडी अडलीय. 'कंपनीची प्रतिभा' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. 'पैलवान' चालेल?

प्रतिसाद : नको. तिथे टॅलेंट म्हणजे पडद्यावर दिसणारी सगळी माणसं. त्यात कुस्तीगीर आले, तसे निवेदक आणि मॅनेजरही आले. एकदा 'करारबद्ध कलाकार' लिहा, पुढे नुसतं 'कलाकार' पुरे.

दुसरा प्रतिसाद : कलाकार कसले, नुरा कुस्तीच ती!

प्रतिसाद : नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवायचं असतं. इथे निकाल आधीच ठरलाय हे तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीचं तेव्हाचं नाव) 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे ही करमणूक असल्याचं स्वतःच मान्य केलं होतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा नियामकांची देखरेख आली, ती टाळायची होती. म्हणून 'कलाकार'च बरोबर.

आता कॉन्ट्रॅक्टर. 'कंत्राटदार' म्हटलं की रस्ते आणि पूल बांधणारा डोळ्यांपुढे येतो. 'कंत्राटी कामगार' तर उलट्याच अर्थाचा, कारण कंपनीचं म्हणणं हेच की ही माणसं आमची कामगार नाहीत. डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीगिरांना इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर याच वर्गात धरते, त्यामुळे आरोग्यविमा ज्याचा त्याने बघायचा. आणि तरीही परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीच्या रिंगणात उतरायचं नाही! मी 'स्वतंत्र व्यावसायिक' लिहीन आणि त्यातल्या 'स्वतंत्र'ला अवतरणचिन्हं देण्याचा मोह आवरीन.

प्रश्नकर्ती : आणि कंपनी कलाकाराला सोडते, ते 'रिलीज'?

प्रतिसाद : 'करारमुक्त'. मात्र डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य कार्यक्रमांतल्या कुस्तीगिरांना साधारण 90 दिवसांची स्पर्धाबंदी (नॉन-कंपीट) असते. तेवढे दिवस पैसे मिळतात, पण दुसरीकडे दिसायचं नाही. म्हणजे मुक्त झालेला माणूस तीन महिने मुक्त नसतो, हे एका वाक्यात सांगून टाका.

जाता जाता, 'करार संपला' आणि 'करार मोडला' यांत गल्लत नको. 4 सप्टेंबर 1995 ला डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या 'नायट्रो' या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला भाग झाला आणि त्यात डब्ल्यूडब्ल्यूएफचा कुस्तीगीर लेक्स लुगर अचानक अवतरला. याचं वर्णन 'करार मोडून पळाला' असं करू नये. त्याचा करार संपलेला होता, म्हणून तर ते जमलं.

तिसरा प्रतिसाद : रेटिंगला 'मानांकन' आहेच की.

प्रतिसाद : मानांकनात दर्जा किंवा क्रम आला. अमेरिकेत प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा एक रेटिंग पॉइंट म्हणजे टीव्ही असलेल्या एकूण घरांपैकी एक टक्का घरं. त्यात दर्जाचा संबंध नाही. आपण 'मतदानाचा टक्का' म्हणतो ना, तसा 'प्रेक्षकांचा टक्का' म्हणा. शेअर निराळा. त्या वेळी जेवढे टीव्ही चालू असतील, त्यांतला तो 'वाटा'. एका उमेदवाराला एकूण मतदारांपैकी किती जणांची मतं पडली ते रेटिंग, झालेल्या मतदानापैकी किती पडली तो शेअर.

'नायट्रो' सलग 83 आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ' या कार्यक्रमाच्या पुढे होता म्हणतात, ती तुलना याच टक्क्यांची. ती आघाडी एप्रिल 1998 मध्ये तुटली. हल्लीच्या बातम्यांत 0.30 वगैरे आकडे दिसतात, ते बहुधा 18 ते 49 वयाच्या माणसांचे असतात, घरांचे नव्हेत. ते 1998 च्या आकड्यांशेजारी ठेवून 'कुस्ती बुडाली' म्हणणं चूक. टक्का लिहिला की कशाचा तेही लिहा.

तिसरा प्रतिसाद : एवढा खटाटोप कशाला? 'टीआरपी' लिहा, शेंबडं पोरही समजेल.

प्रश्नकर्ती : समजेल, पण लेख अमेरिकेचा आणि टीआरपी इथला. मी 'टक्का' घेतेय. 'करारमुक्त'ही घेतला. 'स्पर्धाबंदी' वाचून मात्र स्पर्धाच बंद पडली असं वाटतंय. त्याला काही सुचतंय का कुणाला?