मिररिंग आणि अडकलेला लॉग

मिररिंग म्हणजे चालू डेटाबेसची प्रत मायक्रोसॉफ्टच्या फॅब्रिक या डेटा-विश्लेषण सेवेत सतत ताजी ठेवणं. त्याचा मूळ डेटाबेसवर भार पडतच नाही, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. फॅब्रिक आधी टेबलांची पूर्ण प्रत घेतं, मग ट्रान्झॅक्शन लॉगमधले (डेटाबेस प्रत्येक बदल जिथे नोंदवतो, ती वही) बदल वनलेकच्या (फॅब्रिकच्या साठवणीच्या जागेच्या) डेल्टा टेबलांत उतरवत राहतं. रिपोर्टच्या क्वेऱ्या तिकडे चालतात, हे खरंच. पण ॲझ्युअर एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड डेटाबेस, आमचा मूळ डेटाबेस तोच) जो बदल अजून पलीकडे पोचला नाही, तेवढ्या लॉगची जागा इकडे मोकळी होत नाही.

चतुर्थीच्या आठवड्यात आमच्या मडगावच्या गोदामात सगळ्या मालाचे दर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकगठ्ठा, बदलले. कमिट होऊनही (बदल पक्का होऊनही) लॉग फुगलेलाच, त्यामुळे काउंटरवर बिलं खोळंबलेली. लॉग अडकण्याचं कारण डेटाबेसमध्ये पाहिलं तर 'रेप्लिकेशन' (डेटाच्या प्रती दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवण्याची वेगळी सोय) दिसलं. आम्ही तर ते कधी लावलंच नव्हतं! त्या नावाखाली मिररिंगच होतं. आता असे बदल हजार-हजार ओळींच्या तुकड्यांत करतो.